वर्गाबाहेरची कला आणि महाविद्यालयाचा प्रवेश : वडोदऱ्यातील मराठी पालक व विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतील मराठी घरांतून मुलांच्या पुढील शिक्षणाविषयी विचारणा करायला पालक माझ्याकडे येतात, तेव्हा बोलणे सुरू होण्याआधीच टेबलावर एक जाडजूड फाइल ठेवली जाते. प्लास्टिकच्या पाकिटांत गणेशोत्सवातील चित्रकला स्पर्धेची, श्लोकपठणाची, सुगम संगीताची, रांगोळीची प्रमाणपत्रे ओळीने लावलेली असतात आणि ती जमवण्यात आईवडिलांनी घालवलेली वर्षे त्यांत दिसतात. या फाइलचा प्रवेशासाठी किती उपयोग होतो, हे प्रवेश कोठे घ्यायचा यावर ठरते. म्हणून पुढील उत्तरे त्या त्या दारानुसार दिली आहेत.

मुलीने नऊ वर्षे भरतनाट्यम केले, अरंगेत्रमही (रंगमंचावरील पहिले एकल सादरीकरण) झाले. इंजिनिअरिंग किंवा मेडिकलच्या प्रवेशात याचे गुण धरले जातात का?

गुजरातमधील नेहमीच्या प्रवेशप्रक्रियेत धरले जात नाहीत. राज्यातील इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी बारावीचे गुण आणि गुजकेट ही राज्याची प्रवेश परीक्षा यांवर तयार होते, तर मेडिकलचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. या दोन्ही याद्यांत नृत्य, गायन किंवा चित्रकला यांना रकानाच नाही. हे आरंभीच स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ‘कुठेतरी उपयोग होईलच’ या आशेवर बारावीच्या वर्षात स्पर्धांमागे धावलेली आणि दोन्हीकडून दमलेली मुले मी पाहिली आहेत. मुलीने नृत्य सोडावे असा याचा अर्थ मुळीच नाही. ते तिने नृत्यासाठी करावे, नीटच्या गुणांसाठी नव्हे.

मग आयआयटीसारख्या संस्थांत कलेला कोठेच स्थान नाही का?

अलीकडे एक दार उघडले आहे. आयआयटी मद्रासने २०२४-२५ मध्ये खेळाडूंसाठी आणि त्यापाठोपाठ २०२५-२६ पासून ललित कला व संस्कृती या क्षेत्रांतील प्रावीण्यासाठी स्वतंत्र प्रवेश सुरू केला. प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात या दुसऱ्या योजनेखाली २ अतिरिक्त जागा असून त्यांपैकी १ केवळ मुलींसाठी आहे. यासाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव असणे अनिवार्य आहे. म्हणजे कला ही परीक्षेच्या जागी येत नाही, परीक्षा पार केल्यानंतर ती उपयोगी पडते. शिवाय ग्राह्य धरली जाणारी कामगिरी राष्ट्रीय पातळीवरची आहे. प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची कलाकार म्हणून मिळालेली श्रेणी, केंद्र सरकारच्या सांस्कृतिक शिष्यवृत्त्या अशा गोष्टींचा तेथे विचार होतो. गल्लीतील किंवा शाळेतील स्पर्धांचा होत नाही.

येथे पालकांच्या हातून एक संधी नेहमी निसटते. सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेची सांस्कृतिक प्रतिभाशोध शिष्यवृत्ती १० ते १४ या वयोगटासाठी असते. दहावीच्या सुट्टीत चौकशीला येणाऱ्या मुलाचे ते वय उलटून गेलेले असते. घरात गाणारे, नाचणारे किंवा तबला वाजवणारे पाचवी-सहावीतले मूल असेल आणि गुरूंना ते खरोखर तयारीचे वाटत असेल, तर या शिष्यवृत्तीची माहिती त्याच वेळी काढावी.

पुण्याच्या भाचीला इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेमुळे दहावीत वाढीव गुण मिळाले. आमच्या मुलाला मिळतील का?

नाही. ती सवलत महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीपुरती आहे. गुजरात बोर्डाच्या विद्यार्थ्याला ती लागू होत नाही. परीक्षेच्या निमित्ताने हात तयार होतो, हा लाभ मात्र कोणत्याही बोर्डाच्या मुलाला मिळतो.

दिल्ली विद्यापीठात कलेच्या आधारावर प्रवेश मिळतो, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि आपल्या देशातील मोठ्या सार्वजनिक विद्यापीठांमध्ये याबाबतची सर्वांत सुस्पष्ट व्यवस्था मला तेथेच दिसते. अभ्यासेतर उपक्रमांच्या आणि खेळांच्या जागा मिळून एकूण प्रवेशक्षमतेच्या कमाल ५ टक्के एवढ्या अतिरिक्त जागा महाविद्यालये ठेवतात. शास्त्रीय व लोकनृत्य, कंठसंगीत, वाद्यसंगीत, नाट्य, चित्र व शिल्प, सर्जनशील लेखन, वादविवाद, प्रश्नमंजूषा, छायाचित्रण व चित्रपटनिर्मिती असे अनेक विभाग त्यांत आहेत. गुणवत्ता ठरवताना सीयूईटी या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांना २५ टक्के आणि कलेतील गुणांना ७५ टक्के भार असतो. कलेचे गुण केवळ कागदांवर मिळत नाहीत, त्यांचा मोठा हिस्सा प्रत्यक्ष चाचणीचा असतो. एनसीसी आणि एनएसएस हे विभाग अपवाद आहेत. तेथे प्रमाणपत्रांवरच निर्णय होतो.

दोन गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात. पहिली, सीयूईटी दिल्याशिवाय या मार्गाने अर्जच करता येत नाही. दुसरी, प्रमाणपत्रे ठरावीक अलीकडच्या काळातीलच लागतात, त्यामुळे तिसरीत मिळवलेले जिल्हास्तरीय पारितोषिक तेथे कामाचे नाही. प्रत्येक महाविद्यालय प्रत्येक विभागाच्या जागा देतेच असेही नाही. एखाद्या महाविद्यालयात तबल्याची एकच जागा असू शकते आणि दुसऱ्यात एकही नसू शकते. तरीही ज्याचे सीयूईटीचे गुण मध्यम आहेत पण हात खरोखर तयार आहे, अशा मुलाने हा अर्ज भरलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडची मुले ‘दिल्ली लांब आहे’ म्हणून चाचणीलाच जात नाहीत, याचे वाईट वाटते.

आपल्याच गावातील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये प्रवेश घ्यायचा असेल तर फाइल दाखवावी का?

या विद्याशाखेविषयी सविस्तर लिहितो, कारण देशभरातून मुले जिच्यासाठी वडोदऱ्याला येतात, तिच्याबद्दल वडोदऱ्यातच बरेच गैरसमज आहेत. १९५० साली सुरू झालेल्या या विद्याशाखेत चित्रकला विभागाची घडी ना. श्री. बेंद्रे यांनी बसवली. ते मूळचे इंदूरचे, म्हणजे महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्यासारख्याच मराठी माणसांपैकी. शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे शिक्षक तिला लाभले. येथील शिक्षणाचा भर आरंभापासून स्वतः पाहण्यावर आणि स्वतः करून पाहण्यावर राहिला आहे, आणि प्रवेशाची तयारी करतानाही तीच दिशा ठेवावी लागते.

प्रवेशासाठी अभिक्षमता चाचणी असते. समोर दिलेल्या विषयावर, दिलेल्या वेळात, स्वतःच्या हाताने काम करायचे असते आणि त्या खोलीत फाइल मदतीला येत नाही. मदतीला येते ती रेखाटनवही. एका विद्यार्थिनीच्या तीन वह्या मी पाहिल्या होत्या. पहिल्या वहीत मांडवीचा दरवाजा होता. कमानी दोन्ही बाजूंना तंतोतंत सारख्या, फोटोवरून उतरवलेल्या, छाया मऊ पेन्सिलीने घासून गुळगुळीत केलेली. घरच्यांना तेच चित्र सर्वांत आवडायचे. तिसऱ्या वहीतला मांडवी तिने बाजूच्या दुकानाच्या पायरीवर बसून काढला होता. त्यात एक कमान रिक्षाने अर्धी झाकली होती, छज्जाखाली कबुतरांची रांग होती, रेषा तीन ठिकाणी खोडून पुन्हा ओढलेली दिसत होती, आणि कोपऱ्यात वेळ लिहिली होती : सकाळी ७.१०, मग ८.२५, कारण तेवढ्यात सावली सरकली होती. पहिल्या चित्रासाठी तिला पारितोषिक मिळाले होते. चाचणीसाठी तिला तयार केले ते तिसऱ्या वहीने.

म्हणून या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना मी एवढेच सांगतो की, अकरावीपासून रोज एक पान काढावे. सूरसागरच्या काठावर, कमाटीबागेत, स्टेशनवर, स्वयंपाकघरात, जेथे असाल तेथे. कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आणि बडोदा म्युझियमचे चित्रदालन याच गावात आहेत. ती एकदा सहलीत पाहून सोडून देऊ नयेत, वही घेऊन पुन्हा पुन्हा जावे. केवळ क्लासमधील ठरावीक साच्याची चित्रे गिरवून आलेला विद्यार्थी अनपेक्षित विषय समोर येताच अडखळतो.

गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना किती महत्त्व आहे?

संगीत व नृत्याच्या शिक्षणात त्यांना मान आहे. प्रारंभिकपासून विशारद आणि पुढे अलंकारपर्यंतचा तो क्रम मुलाने किती वर्षे शिस्तीने शिक्षण घेतले हे एका कागदावर दाखवतो. सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेचे मूळ १८८६ साली सयाजीराव महाराजांनी उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाती सोपवलेल्या संगीतशाळेत आहे. तेथे प्रवेश घेणाऱ्याला गाऊन, वाजवून किंवा नाचून दाखवावे लागते. विशारदचा कागद आहे, पण तानपुऱ्याशी स्वर मिळत नाही, अशा वेळी तो कागद विद्यार्थ्याला अडचणीतच टाकतो. परीक्षा घाईने उरकण्यापेक्षा एक राग नीट घोटलेला असणे अधिक उपयोगाचे ठरते.

डिझाइन शिक्षणाच्या एनआयडी, निफ्ट या संस्था आणि यूसीड ही परीक्षा यांसाठी पोर्टफोलिओ (निवडक कामांचा संग्रह) लागतो का?

पदवीच्या प्रवेशासाठी मुख्य आधार परीक्षाच आहे. आयआयटी मुंबईतर्फे घेतल्या जाणाऱ्या यूसीडमध्ये संगणकावरील प्रश्न आणि चित्रांकनाचा भाग असतो, आणि प्रवेश त्या गुणांवरच होतो. निफ्टमध्ये लेखी परीक्षांनंतर दिलेल्या साहित्यातून प्रत्यक्ष वस्तू घडवण्याची एक चाचणी असते. अहमदाबादच्या एनआयडीमध्ये प्राथमिक व मुख्य असे दोन टप्पे आहेत. पुठ्ठा, तार, कापड हाताळण्याची सवय ज्याला लहानपणापासून आहे, गणपतीची आरास घरीच करणारे जे मूल आहे, त्याला या चाचण्यांत हात चालवताना भीती वाटत नाही. कलेचा फायदा येथे असा आडवाटेने मिळतो. पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी मात्र पोर्टफोलिओचे महत्त्व बरेच वाढते, म्हणून आताची कामे जपून ठेवावीत.

अशोका, फ्लेम, अहमदाबाद युनिव्हर्सिटी यांसारख्या खासगी विद्यापीठांत काय पाहिले जाते?

अशा विद्यापीठांत गुणांच्या जोडीला अर्जातील लेखन, उपक्रम आणि मुलाखत यांना कमीअधिक स्थान असते. संस्थेनुसार पद्धत वेगळी आहे आणि ती वर्षागणिक बदलते, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी. मुलाखतीची तयारी करून घेताना मला आलेला एक अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. एका मुलाने बारा स्पर्धांची यादी पाठ केली होती आणि प्रत्येक प्रश्नाला तो त्या यादीतूनच उत्तर देत होता. शेवटी मी त्याला विचारले की, तबल्यात तुला सर्वांत जास्त त्रास कोणत्या तालाने दिला? तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, रूपकाने. कारण बाकीच्या तालांत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, जोर येतो, रूपकात समेलाच खाली, म्हणजे बिनजोराची जागा, येते, त्यामुळे गायकाबरोबर वाजवताना त्याचा तोल जायचा. मग गुरुजींनी त्याला महिनाभर तबल्याला हात लावू न देता फक्त टाळी-खाली धरायला कशी लावली, हे त्याने स्वतःहून पाच मिनिटे सांगितले. त्या पाच मिनिटांत त्याची चिकाटी, त्याची समज आणि चुकीतून शिकण्याची तयारी हे सर्व आले. मुलाखत घेणाऱ्याला जे हवे असते ते असे यादीच्या बाहेर असते.

अमेरिकेतील विद्यापीठांत अभ्यासेतर कामगिरीला फार महत्त्व असते असे ऐकतो. नेमके किती?

निवडक विद्यापीठांत बरेच, परंतु शैक्षणिक गुणांच्या जागी नव्हे. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशपद्धतीवरील खटल्याची २०१८ मध्ये सुनावणी झाली, तेव्हा तेथे अर्जदाराला अभ्यास, अभ्यासेतर कामगिरी, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांबद्दल वेगवेगळी श्रेणी दिली जाते, हे सर्वांसमोर आले. मात्र अमेरिकेतील सर्वच विद्यापीठे अशी पारखून प्रवेश देत नाहीत. अनेक ठिकाणी गुण पुरेसे असले की प्रवेश मिळतो.

बहुसंख्य विद्यार्थी ज्या ‘कॉमन अ‍ॅप’ या सामाईक अर्जातून जातात, त्यात १० उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरांची मर्यादा असते. मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो. एवढ्या जागेत ‘भारतीय संस्कृतीचे जतन केले’ असे लिहिले तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी, मंडळाच्या बालनाट्यासाठी चार वर्षे नेपथ्य केले, किती प्रयोग झाले, किती मुलांना शिकवले, आठवड्याला किती तास दिले, हे लिहावे. मराठीभाषक म्हणून गुजरातेत वाढणे, घरी मराठी, शाळेत गुजराती आणि परीक्षेत इंग्रजी असे जगणे, हाही निबंधाचा खरा विषय होऊ शकतो. पण तो एखाद्या प्रसंगातून यावा, घोषणेतून नको. दहाही रकाने भरलेच पाहिजेत असा नियम नाही. चार खऱ्या गोष्टी पुरतात.

आणि इंग्लंड?

तेथे निवड मुख्यतः विषयातील गुणांवर आणि त्या विषयाच्या ओढीवर होते. २०२६ च्या प्रवेशापासून यूकासच्या, म्हणजे तेथील विद्यापीठांच्या सामाईक प्रवेशसंस्थेच्या, अर्जातील एकसंध निवेदनाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची आहेत आणि एकूण मर्यादा ४,००० अक्षरांची आहे. इतिहास शिकू इच्छिणाऱ्याने मोडी लिपी शिकून जुनी कागदपत्रे वाचली असतील तर ते त्या विषयाशी जोडलेले असल्याने लिहिण्याजोगे आहे. त्याच अर्जात रांगोळीचे पारितोषिक फारसे काही साधत नाही. ट्रिनिटीसारख्या मंडळांच्या वरच्या श्रेणीच्या संगीत परीक्षांना यूकासचे गुणांक असतात. परंतु सर्वच विद्यापीठे ते मोजत नाहीत, म्हणून केवळ त्यासाठी परीक्षा देऊ नये.

कोणती प्रमाणपत्रे वजनदार आणि कोणती नाहीत?

ज्यात निवड झाली, परीक्षकांनी काम प्रत्यक्ष पाहिले आणि बरेच जण वगळले गेले, ते प्रमाणपत्र वजनदार. केंद्र सरकारचा २०१५ पासूनचा नववी ते बारावीसाठीचा कला उत्सव आणि आपल्या राज्यातील कला महाकुंभ यांत तालुका-जिल्ह्यापासून वरपर्यंत टप्पे असतात, त्यामुळे वरच्या टप्प्यावरील स्थानाला अर्थ येतो.

याउलट शुल्क भरले की हमखास मिळणारी ऑनलाइन ‘आंतरराष्ट्रीय’ पारितोषिके टाळावीत. माझ्या मुलाच्या वेळी मी स्वतः यात फसलो आहे. एका स्पर्धेसाठी पैसे भरले, चित्राचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला आणि आठ दिवसांत सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र आले. शेजारच्या मुलीलाही तेच स्थान, तीच तारीख, तोच मजकूर. मुलाने ते पाहिले आणि पुढचे दोन महिने रंगपेटी उघडली नाही. त्याला आपले चित्र कोणी पाहिलेच नाही हे कळले होते. पैशापेक्षा त्या दोन महिन्यांचे नुकसान मला अजून सलते.

कागदपत्रे जपताना काय काळजी घ्यावी?

नाव सर्वत्र एकसारखे असावे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, संगीत परीक्षेच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव गाळलेले, मंडळाच्या कागदावर घरचे लाडके नाव, असे असले की पडताळणीत विलंब होतो. तारीख, आयोजक संस्था, स्तर आणि स्थान हे चारही तपशील कागदावर आहेत की नाहीत, हे तो हातात पडताच पाहावे, कारण दोन वर्षांनी दुरुस्ती करून देणारे कोणी भेटत नाही. चित्रांचे फोटो दिवसाच्या उजेडात, सरळ कोनातून काढावेत आणि मागे तारीख टाकावी.

अकरावी-बारावीत क्लास बंद करावा का?

बंद करू नये, कमी करावा. आठवड्यातून एक तास पुरेल. धागा तुटू न देणे महत्त्वाचे आहे. दोन वर्षे थांबलेला गळा किंवा हात पंधरा दिवसांत परत येत नाही, आणि चाचणी मात्र बारावीनंतर लगेच असते.

मुलगी बारावीत आहे आणि फाइलमध्ये काहीच नाही. उशीर झाला का?

गुणांवर चालणाऱ्या प्रवेशांसाठी तर हा प्रश्नच उद्भवत नाही. बाकीच्या ठिकाणी आधी तिच्याशी शांतपणे बोलावे. फाइल रिकामी असलेली मुले आजीच्या ओव्या लिहून काढतात, भावाच्या शाळेसाठी नाटुकले बसवतात, जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतात आणि या सर्वाला कामगिरी म्हणायचे असते हे त्यांच्या घरात कोणाला सुचलेलेच नसते. असे काही असेल तर तेच प्रामाणिकपणे मांडावे. नसेल तर घाईने काहीही उभे करू नये.

मुलगा मराठी नाटकांत हौसेने काम करतो. या प्रयोगांची पुढे कधी दखल घेतली जाते का?

घेतली जाते, आणि ती अगदी नियमातच आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवीबरोबरच किमान ६ नाट्यप्रयोगांत सहभाग असणे ही पात्रतेची अट आहे. म्हणजे आज सोळा-सतरा वर्षांचा असलेला मुलगा मंडळाच्या मंचावर जे करतो आहे, ते चार-पाच वर्षांनी त्याच्या अर्जात लागू शकते. अडचण पुराव्याची येते. उत्सव संपला की मंडप उतरतो, हस्तपत्रके रद्दीत जातात आणि दिग्दर्शक नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी निघून जातो. त्यामुळे प्रत्येक प्रयोगानंतर, त्याच आठवड्यात, तारीख व भूमिकेचे नाव असलेले दिग्दर्शकांच्या सहीचे पत्र घ्यावे, हस्तपत्रकाच्या दोन प्रती ठेवाव्यात आणि मंडळाच्या कपाटात मागील वर्षांची हस्तपत्रके असतील तर यंदाच्या गणपतीआधी जाऊन ती शोधावीत.